बुरशीचा जागल्या

त्या काळात घरापुढे गुलाब लावायला नगरपालिकेची परवानगी लागे, कारण बोटात काटा शिरला तरी माणूस दगावत असे. याचं श्रेय आधीच्या शहाण्यांचं. साध्या सर्दीवर त्यांनी जंतुनाशक गोळ्या खाल्ल्या, कोंबड्यांनाही चारल्या आणि जंतूंना त्या पचवायला शिकवलं.

मग सगळ्यांना अचानक माती आठवली. दोडामार्गच्या जंगलातल्या मातीत एक बुरशी सापडली, तिच्याभोवती जंतू टिकत नसत. शोध लागला तो मृत्तिका संस्थेचे संचालक डॉ. अच्युत मणेरीकर यांच्या नावावर. माती खणली होती बाबल गवसनं, आणि खणताना कुदळीनं स्वतःचा पाय फोडून घेतला होता.

बाकीचे रोगी बुरशीच्या औषधानं बरे झाले. बाबलची जखम मात्र भरेना. शेवटी त्याची बायको सुलभा संचालकांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"डॉक्टरांनूं, एकच सांगा. माझो घोव बरो कधी होतलो?"

मणेरीकरांनी चष्मा पुसला. अडचणीचा प्रश्न आला की ते आधी चष्मा पुसत आणि मग व्याख्यान देत.

"हे पाहा बाई, बुरशी काही आपल्यावर उपकार म्हणून औषध करत नाही. मातीत शेजारी जंतू असतात, त्यांना मारायला ती विष सोडते. तेच आपलं औषध. काचेच्या बशीत एकटी ठेवली की शत्रू नाही, मग ती आळसावते. विष बनवणारी तिची जनुकं गप्प होतात."

"मगे बशीत जंतू घाला."

"घातले. पण बशीतले जंतू काही पिढ्यांत मवाळ होतात, बुरशी त्यांना मोजतच नाही. माणसाच्या अंगात औषधाशी झगडणारा जंतूच तिला जागं ठेवतो. म्हणून बाबलच्या जखमेतला पू आम्ही रोज बुरशी वाढवायच्या मातीच्या हौदात सोडतो. बाबललाच आम्ही जागल्या म्हणतो. गावात एक जागल्या जागा राहतो, तेव्हा सगळं गाव झोपतं, तसं."

"म्हणजे तुमी त्येका मुद्दाम बरो करूक नाय?"

"मरूही देत नाही ना!" मणेरीकर दुखावले. "अर्धी मात्रा देतो. लाखो लोकांचं कल्याण आहे त्यात. शाल-श्रीफळसुद्धा दिलं की त्याला."

दिलं होतं खरं. पायावर ती शाल टाकली की माशा जरा कमी बसत.

खंडेनवमीला संस्थेत उपकरणांची पूजा झाली. विज्ञानाच्या त्या मंदिरात हौदालाही झेंडूचे हार चढले. नारळ पायरीवर फोडा, असं शिपाई म्हणत होता. पण कॅमेरे हौदापाशी होते, म्हणून मणेरीकरांनी तो हौदाच्या काठावर आपटला. करवंटीनं तळवा चिरला, आणि तोल सावरायला त्यांनी तोच हात मातीत रोवला.

संध्याकाळपर्यंत हात सुजला. जंतू बाबलचाच होता, पण नव्या अंगात तो चवताळला आणि संचालकांचा पू हौदात सोडताच बुरशीनं दुप्पट विष ओतलं. उपसंचालिका डॉ. उल्का बोडस यांना संचालकाच्या खुर्चीची जुनी ओढ होती. त्यांनी तातडीनं सभा घेतली, लोककल्याणावर भाषण केलं आणि संचालकांना अर्धी मात्रा मंजूर केली. शाल आणायला माणूसही धाडला. बाबलला पूर्ण मात्रा मिळाली, कारण आता त्याची गरज नव्हती.

तो चालू लागला तेव्हा सुलभा त्याला न्यायला आली. वाटेत मणेरीकरांच्या खोलीचं दार उघडं होतं.

"गवसबाई! तुम्हाला सगळं ठाऊक आहे. फाटकापाशी पत्रकार आहेत, त्यांना सांगा. मी सुटेन हो!"

सुटले असते. आणि नवा जागल्या शोधताना संस्थेनं सगळ्यात आधी बाबलचा पाय पाहिला असता. हे सुलभाला कळत होतं.

"लाखो लोकांचा कल्याण आसा, साहेब," ती म्हणाली आणि तिनं दार ओढून घेतलं.

"कोण वराडता?" पुढे गेलेल्या बाबलनं विचारलं.

"कोण नाय. चल, गाडी सुटतली."

फाटकापाशी पत्रकारांनी औषधाबद्दल विचारलं. सुलभानं बाबलचा भरलेला पाय दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.