एका जनुकाचे दोन पत्ते

"एकच जनुक दोन ठिकाणी कसं असेल?" रेवतीने विचारलं.

तिचे आजोबा, प्रवाळांचे अभ्यासक डॉ. खोबरेकर सकाळपासून प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होते. सुट्टीला आलेल्या नातीशी बोलायलाही त्यांना सवड नव्हती. साल २०५१, मे महिना. समुद्रातली उष्ण लाट मालवणकडे सरकत असल्याचं उपग्रह सांगत होते. गरम पाण्यात प्रवाळ पांढरे पडतात, मरतात. गार पाण्याची टाकी एकच आणि लहान. नाजूक प्रवाळ तिच्यात आणायचे, काटक समुद्रात ठेवायचे. पण काटक कोणते?

उत्तर प्रवाळाच्या जीनोममध्ये (पेशीतल्या संपूर्ण जनुकीय मजकुरात) होतं. चार अक्षरांत लिहिलेला हा कोट्यवधी अक्षरांचा मजकूर नकाशासारखा दाखवतो तो जीनोम ब्राउझर. गावाच्या नकाशावर रस्ते, विहिरी, विजेच्या तारा असे थर चढवावेत, तसे त्यावर माहितीचे थर चढतात. मालवणच्या कुठल्या प्रवाळात कुठलं अक्षर वेगळं आहे, हा आजोबांचा थर. पाणी तापल्यावर कुठली जनुकं जागी होतात, हा तुतिकोरिनच्या डॉ. सेल्वींचा. त्यांनी त्यातला थोडासा भाग मेलने पाठवला होता. पण दोन्ही थर जुळेचनात. उष्णतेपासून वाचवणारं जनुक दोन जागी दिसत होतं.

"आजोबा, आमच्याकडे रस्त्याला मध्येच नवं वळण काढलं, तेव्हा पुढचे मैलाचे दगड सगळे बदलले. घर तिथंच, आकडा वेगळा. तसं तर नाही?"

आजोबा थबकले. त्यांनी लगेच सेल्वींना फोन लावला. फोनमधलं भाषांतर-यंत्र त्यांचं तमिळ मराठीत सांगू लागलं.

"आमचा जीनोमचा नकाशा जुना आहे. नव्यात सुटलेले तुकडे भरलेत, ते आम्ही घेतलेच नाहीत, म्हणून पुढचे आकडे जुळत नाहीत."

"मग मेलामेली पुरे," आजोबा म्हणाले. " सामायिक भांडार उघडू या. प्रत्येक फाइलला कायमचा पत्ता. कुठल्या नकाशावर मोजलं, ते लिहायचंच. कुणाचाही ब्राउझर हवा तेवढाच भाग तिथून मागून घेईल."

सेल्वी कचरल्या. "आमचा शोधनिबंध अजून छापलेला नाही. दुसऱ्याने आधी छापला तर?"

"माझाही नाही छापलेला. फाइलवर नाव तुमचंच राहील. मी माझी आधी ठेवतो."

फाइल पाठवायच्या बटणापाशी आजोबांचं बोट क्षणभर अडखळलं. मग त्यांनी ते दाबलं.

दुपारी सेल्वींची पूर्ण फाइल भांडारात आली. तिच्यातले जनुकांचे सगळे पत्ते नव्या नकाशाप्रमाणे बदलले आणि थर जुळले. वेगळं अक्षर नेमकं त्या जनुकात होतं, आणि तेही फक्त उत्तरेच्या खडकावरच्या प्रवाळांत!

"म्हणजे तेच काटक?"

"असावेत. खात्री समुद्रच देईल."

पाणबुड्यांनी दक्षिणेचे प्रवाळ टाकीत आणले. उत्तरेचे तिथेच राहिले. लाट आली. पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोरून रेवती हलेना. काही फांद्या पांढऱ्या पडल्या. "आपण त्यांना मारलं का, आजोबा?" आजोबा एकेक फांदी मोजू लागले. पण पाणी निवलं तेव्हा उत्तरेचे बहुतेक प्रवाळ आपल्या मूळच्या तपकिरी रंगात, जिवंत होते.

त्याच संध्याकाळी भांडारात एक अनोळखी फाइल दिसली. सोबत लक्षद्वीपहून निरोप होता : 'तुमचे थर पाहिले. आमचाही ठेवलाय. आमच्याकडे पाणी आता तापू लागलंय. कोणते वाचतील, सांगाल का?'

आजोबा चष्मा शोधेपर्यंत रेवतीने तो थर उघडलासुद्धा.