सुगीनंतरचं मागणं

हरिओम सोनपेठच्या शाळेत आला होता पुतणीचा दाखला न्यायला. हेडमास्तर बाहेर गेलेले, वरून परतीचा पाऊस… जाणार कुठं? सातवीच्या वर्गात अंधार करून माहितीपट लावलेला दिसला, तसा ओल्या अंगानं दारातच उभा राहिला. बरं, गप उभं राहावं की नाही!

पडद्यावर इवले पक्षी समुद्र ओलांडून नेहमीच्या वेळी रानात पोचले होते. पण हवा तापलेली, वसंत लवकर आलेला. पिलांना भरवायच्या अळ्या आधीच संपलेल्या. योगिनीबाई मुलांना हेच समजावत होत्या, तेवढ्यात मागून प्रश्न आला.

"मॅडम, मग चूक कुनाची? पाखरायची का आळ्यांची?"

योगिनीनं वळून पाहिलं. भिजलेल्या पापण्या, आणि त्यांत खरोखरीची काळजी. एरवी फटकळ बाई, पण "बघून सांगते" एवढंच म्हणाली.

दाखला दोन दिवसांत मिळाला, तरी हरिओमच्या खेपा संपेनात. कधी शिक्का पुसट, कधी झेरॉक्स हवी. तिला कळत होतं, आवडतही होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी स्टँडवर तो म्हणाला, "सुगी झाली की आबाला घेऊन येतो तुमच्या घरी."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत… फोन उचलत जा."

त्याच्या वडिलांची, लिंबाजीची, रीतच तशी. नवं धान्य घरात आल्याशिवाय सोयरीक मागायला जायचं नाही. योगिनीनं घरी सांगितलं. तिचे वडील, व्यंकटराव, दोन दिवस धुमसले आणि मग म्हणाले, होळीपर्यंत थांबतो. तोवर त्यांच्याकडचं कोणी आलं नाही, तर लातूरच्या स्थळाला होकार.

हे तिनं हरिओमला सांगायला नको होतं का? पण नाही सांगितलं. मुदत घालून बोलवायचं, मग तो प्रेमानं आला की धाकानं, हे कळणार कसं? शिवाय सुगी होळीच्या आधीच उरकते, हा तिचा हिशोब. त्या वर्षी मात्र दिवाळी झाली तरी पाऊस हटला नव्हता. ज्वारीची पेरणीच दीड महिना लांबली. माघात तो फोनवर म्हणाला, "अजून हिरवीच हाय." ती नुसतं "हो का" म्हणाली. त्याच आठवड्यात दुसऱ्या तुकडीला तोच माहितीपट दाखवून, ऋतू सरकले की वेळा कशा चुकतात, हे शहाणीनं फळ्यावर आकृती काढून शिकवलं!

होळी आली, कोणी आलं नाही. रडून रडून थकल्यावर तिनं होकाराची मान हलवली. सुपारी फुटली.

पाडव्यानंतर तिसऱ्या आठवड्यात बापलेक दारात उभे, नव्या ज्वारीची पिशवी घेऊन. व्यंकटरावांनी चहा दिला आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात सगळं सांगितलं. लिंबाजी उठून फाटकाकडे गेले. कपबश्या उचलायला योगिनी ओसरीवर आली, तेव्हा हरिओम एकटाच होता.

"सांगायचं तरी, मॅडम."

"तुम्ही आपणहून लवकर यावं असं वाटत होतं… लय जीव होता माझा तुमच्यावर."

त्यानं ज्वारीची पिशवी भिंतीशी टेकवून ठेवली.

"नुसतं ये म्हणला असता, तर हिरव्या रानातून उठून आलो असतो. आबाचे पाय धरून आलो असतो."

फाटकातून वडिलांनी हाक मारली आणि तो गेला. योगिनी कपबश्या घेऊन मोरीशी बसली. चूक कोणाची, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं.