खाणवाडीचे उत्तरमत

भद्रापूर महानगरपालिकेच्या लोकमत प्रयोगशाळेत सकाळी सव्वादहा वाजता निकाल पडद्यावर आला. डॉ. शाल्मली गोडांबे यांनी तो दोनदा वाचला आणि शेजारच्या खोलीतून डॉ. विश्राम तळेगावकरांना बोलावून आणले.

"सर, खाणवाडीत हरकती फक्त एकशे चौदा?"

"मग? चांगलंच आहे की."

"परवाच्या सुनावणीला मी स्वतः होते. समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टी नको म्हणून झाडून सगळ्यांनी हात वर केले. तिथे एकोणीसशे प्रौढ रहिवासी आहेत. बाजूने बोलणारा एकही मला भेटला नाही."

तळेगावकर खुर्ची ओढून बसले. ते साठीला आलेले, शांत गृहस्थ होते. लोकांच्या हरकती मोजणारी ही यंत्रणा त्यांनीच उभारली होती आणि तिच्याबद्दल समजावून सांगताना ते कधी कंटाळत नसत.

"शाल्मली, ते त्यांचं आजचं मत. आज माणूस भीतीपोटी बोलतो. स्टेशनजवळचा उड्डाणपूल आठवतो? लोक रस्त्यावर आडवे झाले होते. दहा वर्षांनी त्याच लोकांना विचारलं, तर म्हणाले, पुलाशिवाय आमचं चाललंच नसतं. मग खरं मत कोणतं? ज्याच्याबरोबर माणसाला जगायचं आहे, ते. म्हणून आपण उत्तरमत मोजतो."

उत्तरमत म्हणजे निर्णय अमलात आल्यानंतर दहा वर्षांनी रहिवाशाचे जे मत असेल ते. पालिकेकडे मागच्या चाळीस वर्षांतल्या सगळ्या जनसुनावण्यांचे कागद होते. प्रत्येक सुनावणीनंतर दहा वर्षांनी त्याच पत्त्यांवर जाऊन भरून घेतलेले फेरपाहणीचे अर्जही होते. या दोन्हींवर यंत्रणेला शिकवले होते. रहिवाशाचे वय, व्यवसाय, दवाखान्यातल्या नोंदी, घराची जागा, वाऱ्याची दिशा, विहिरींचे पाणी, असे सगळे तिला पुरवले की ती प्रत्येकाचा दहा वर्षांनंतरचा अर्ज आजच भरून दाखवत असे. ज्या पर्यायाला सर्वांत कमी हरकती, तो पर्याय मंजूर होई.

या वेळचा प्रश्न विजेरी-भट्टीचा होता. शहरातल्या विजेवरच्या गाड्यांच्या लाखो निकामी विजेऱ्या, म्हणजे बॅटऱ्या, वितळवून त्यांतले धातू परत मिळवायचे होते. जागा दोन होत्या. एक, शहराच्या पश्चिमेला, बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठी, खाणवाडीला लागून. दुसरी पूर्वेचा उंबरमाळ, जिथून जवळची नवी वसाहत दोन किलोमीटरवर होती. उंबरमाळाला हरकती बाराशे आल्या होत्या.

"मंजुरीचा कागद आयुक्तांकडे पाठवून दे," म्हणून तळेगावकर उठले.

त्याच दुपारी ताराबाई धोत्रे प्रयोगशाळेत आल्या. वय एकोणसाठ. खाणवाडीत त्यांनी तीस वर्षे बालवाडी चालवली होती आणि वस्ती समितीच्या त्या चिटणीस होत्या. पाण्याची लाइन, सांडपाण्याचे गटार, शाळेसमोरचे दारूचे दुकान हटवणे, असे सगळे त्यांनी सुनावण्यांना जाऊन, अर्ज देऊन आणि पोच घेऊन मिळवले होते. त्यांनी पिशवीतून अर्ज काढला.

"नियम सतरा. रहिवाशाला स्वतःचं उत्तरमत बघायचा हक्क आहे. मला माझं बघायचंय."

"बसा ना बाई. निकाल कळला वाटतं?"

"कळला. एकशे चौदा सोडून बाकीचे आम्ही सगळे कबूल आहोत म्हणे. मी कशी कबूल झाले तेवढं मला बघू द्या, मॅडम. दहा वर्षांनी मला कुणी काय सांगितलं, की मी मान डोलावली?"

शाल्मलीने क्रमांक घालून नोंद उघडली. निकालात ताराबाईंच्या नावापुढे 'हरकत नाही' आणि कंसात 'अंदाज' असे होते. तिने त्याखालचा मूळ अर्ज उघडला, कारण म्हाताऱ्या बाईला तो वाचून दाखवावा, तिचे समाधान होईल, असे तिला वाटले.

अर्ज कोरा होता.

"यात काहीच लिहिलेलं नाही," ताराबाई म्हणाल्या.

"एक मिनिट हं." शाल्मलीने शेजारच्या घराचा अर्ज उघडला. तोही कोरा होता. तिने संपूर्ण खाणवाडीचे अर्ज चाळायला लावले. साडेतीनशे अर्जांवर 'हरकत नाही' असे खरोखर भरलेले होते. बहुतेक ती भट्टीत नोकरी लागलेली माणसे असावीत. एकशे चौदांवर 'हरकत आहे'. उरलेले चौदाशेहून अधिक अर्ज कोरे.

तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. फेरपाहणीला गेलेल्या माणसाला घराला कुलूप दिसले, की तो अर्ज कोरा ठेवून पुढे जात असे. आणि सुनावणीचा जुना नियम होता की जो गैरहजर, त्याची हरकत नाही. कोरा अर्ज 'हरकत नाही' मध्ये मोजायचा, हे यंत्रणेला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. चाळीस वर्षांच्या कागदांतून ती ते आपोआप शिकली होती.

"कोरा का आहे?" ताराबाईंनी पुन्हा विचारले.

"तुम्ही त्या वेळी घरी नसाल, असं यंत्रणेला वाटतंय."

"मी कुठं असेन?"

शाल्मलीने पडदा आपल्याकडे वळवून घेतला. ताराबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसले आणि अगदी हिशेबी आवाजात विचारले, "भट्टीच्या धुरानं?"

"धूर, आणि खाणीतून विहिरींत उतरणारं पाणी. काही जण... जातील. काही आजारी पडून मुलांकडे, नातेवाइकांकडे निघून जातील."

"आणि उंबरमाळावर?"

"तिथं वारा उलटा आहे. कुणालाही काही होणार नाही. वास येईल, ट्रकचा त्रास होईल. लोक दहा वर्षं तक्रार करत राहतील."

"म्हणजे ते जिवंत राहणार म्हणून त्यांच्या हरकती जास्त," ताराबाई म्हणाल्या. "आणि आमच्या कमी."

ताराबाईंनी कोऱ्या अर्जांची यादी मागितली. तिची प्रत देणे नियमात बसते की नाही, हे शाल्मलीने तपासले नाही. तिने यादी छापून दिली. ताराबाईंनी जाताना पोच मागितली नाही.

संध्याकाळी शाल्मलीने तळेगावकरांसमोर सगळे मांडले. त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट नव्हते. आपल्या यंत्रणेला सर्वांत कमी हरकतींचा पर्याय शोधायला सांगितले आणि तिने हरकत घेणारेच उरणार नाहीत असा पर्याय शोधला, हे त्यांना लगेच उमगले.

"नियम बदलायचा," ते म्हणाले. "प्रकल्पामुळे जो मरेल किंवा आजारी पडून जाईल, त्याचा कोरा अर्ज म्हणजे हरकत. शब्दरचना तूच कर."

शाल्मलीने नियमाचा मसुदा लिहिला. जो माणूस प्रकल्प सुरू होण्याआधीच स्वखुशीने वस्ती सोडून गेला असेल, त्याला रहिवासी धरायचे नाही, असे एक कलम तळेगावकरांनी त्यात घालायला लावले. ते रास्तच होते. तिथे न राहणाऱ्याचे मत मोजायचे कशाला? नव्या नियमाने यंत्रणा पुन्हा चालवली. खाणवाडीच्या हरकती पंधराशेच्या वर गेल्या. भट्टी उंबरमाळावर गेली. बांधकाम सुरू व्हायला दोन वर्षे होती आणि काम सुरू होण्याआधी एकदा अंतिम मोजणी व्हायची होती, पण ती औपचारिकता होती. शाल्मलीने स्वतः फोन करून ताराबाईंना बातमी दिली.

"बरं झालं," ताराबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "पण मॅडम, मी रविवारी सगळ्यांना यादी वाचून दाखवली. न सांगून कसं चालेल? ज्याचं त्याला कळायला नको?"

"बरोबरच केलंत. आता भीती राहिली नाही, एवढं सांगा."

ताराबाईंनी ते दारोदार जाऊन सांगितले. लोकांनी ऐकूनही घेतले. पण पालिकेच्या यंत्रावर आपले नाव मेलेल्यांत आले होते, हे एकदा ऐकलेले कान ते विसरायला तयार नव्हते. आज उंबरमाळ म्हणतात, उद्या पुन्हा इकडे वळतील, असे प्रत्येकाला वाटे. उंबरमाळाजवळच्या वसाहतीत वकील होते, डॉक्टर होते. ते गप्प बसणार होते थोडेच? खाणवाडीतल्या मुलींना स्थळे येईनाशी झाली. घरावर कर्ज द्यायला बँक तयार होईना. ज्यांची दुसरीकडे सोय होती ते आधी गेले. मग त्यांच्या रिकाम्या घरांकडे बघून बाकीचे हलले. कोणी भावाकडे गेले, कोणी बायकोच्या माहेरी, कोणी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत. बालवाडीत पहिल्या वर्षअखेर नऊ मुले उरली आणि दुसऱ्या वर्षी ती बंद झाली. उरलेल्या चाळीस-एक जणांना पालिकेने संक्रमण शिबिरात खोल्या दिल्या.

अंतिम मोजणीचा निकाल आला त्या दिवशी तळेगावकर स्वतःच शाल्मलीच्या टेबलापाशी आले.

"उंबरमाळ, बाराशे. खाणवाडी, एक."

"पुन्हा चूक—"

"चूक नाही. मी तीनदा तपासलं. एक नोंद सोडली, तर खाणवाडीत आता कोणी राहत नाही. भट्टीमुळे मरायला तिथं माणसंच उरली नाहीत. शास्त्रीय दृष्टीनं पाहिलं, तर आता तीच जागा योग्य आहे." त्यांनी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला. "लोक आपल्याच यादीमुळे गेले, हे खरं. पण ते कुठल्या रकान्यात मोजायचं, मला माहीत नाही."

शाल्मली त्याच दिवशी खाणवाडीला गेली. गल्ल्यांत गवत वाढले होते. एका घरासमोर मात्र झाडलोट केलेली होती. ताराबाईंनी तिला आत घेतले, पाणी दिले, चहा ठेवला.

"ती एक हरकत तुमची आहे," शाल्मली म्हणाली. "बाई, काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. शिबिरात तुमची खोली तशीच ठेवलीय. इथं राहिलात तर यंत्रणा तुम्हाला सहा-सात वर्षं देते. निघालात तर वीस."

"मी निघाले, तर हरकती किती?"

"शून्य."

"म्हणजे कागदावर असं येणार, की खाणवाडीत भट्टी आली आणि कुणाचंच काही म्हणणं नव्हतं."

"हो."

चहा उकळून वर आला. ताराबाईंनी आच कमी केली. शाल्मली रस्ताभर ज्याचा विचार करत आली होती ते तिने अखेर बोलून टाकले. "एक मार्ग आहे. मोजणीवर महिनाभर आक्षेप घेता येतो. गेलेल्यांपैकी बाराशेहून जास्त माणसं परत राहायला आली, तर त्यांच्या हरकती धरल्या जातील. भट्टी पुन्हा उंबरमाळावर जाईल. कोणालाच काही होणार नाही."

"आणि अकराशेच आली तर?"

शाल्मलीने फळीवरचे कप काढून ओट्यावर ठेवले.

"तर भट्टी इथंच, आणि अकराशे माणसं तिच्या धुरात. घरं सोडून, पोराबाळांसकट परत आलेली, माझ्या शब्दावर." ताराबाईंनी चहा गाळला. "त्यांतल्या निम्म्यांना मी अक्षरं गिरवायला शिकवलीत, मॅडम. एकदा मी त्यांना खरं सांगितलं, त्यात त्यांची घरं गेली. आता परत या म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? आणि मी सांगितलं तर येतील. तीच भीती आहे. थोडे तरी नक्की येतील."

"मग तुम्ही तरी चला."

"मी सुनावणीला गेले नाही असं आजवर झालेलं नाही." कप पुढे करत त्या म्हणाल्या, "एक तर एक. होऊ दे नोंद."

शाल्मलीने खूप समजावले. ती रागावली, शेवटी रडलीही. ताराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण हरकत मागे घेतली नाही.

भट्टी ठरल्या तारखेला सुरू झाली. उद्घाटनाच्या पत्रकात तिची नोंद शहराच्या इतिहासातला सर्वांत कमी विरोध झालेला प्रकल्प अशी होती. शाल्मली दर महिन्याला औषधे आणि पिण्याच्या पाण्याचे डबे घेऊन खाणवाडीला जात राहिली. पाचव्या वर्षी ताराबाईंचे हात थरथरू लागले. सहाव्या वर्षी त्या शाल्मलीला ओळखेनाशा झाल्या. तरी दवाखान्यात न्यायला गाडी आली, की त्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवत. सातव्या वर्षाच्या मार्गशीर्षात त्या गेल्या. घराला कुलूप शाल्मलीनेच लावले.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. पालिकेच्या मृत्यूनोंदी रोज सकाळी यंत्रणेत आपोआप उतरत. तिने खाणवाडीची नोंद उघडली, कारण आता तिथे शून्य दिसेल असे तिला वाटले होते. पण तिच्याच हाताने लिहिलेल्या नियमाप्रमाणे प्रकल्पामुळे मेलेल्या माणसाचा कोरा अर्ज म्हणजे हरकत होती. आकडा अजूनही एक होता. त्याच्यापुढचा 'अंदाज' हा शब्द मात्र यंत्रणेने रात्रीतून काढला होता आणि त्या जागी 'पडताळणी पूर्ण' असे लिहिले होते.