बुटांची टोकं घळीकडे

स्कॉटलंडच्या उत्तरेला, जिथे गाडीरस्ता संपतो आणि पुढे नुसता डोंगर उरतो, तिथे तीन माणसं राहायची. हरणांची राखण आणि शिकार करणारा फार्कर, त्याची लेक इशबेल, आणि फार्करची बायको ओरिक, म्हणजे मी. बेन ऊरा डोंगराखालचं आमचं घर शेवटचं. शहरातून आलेला जो तो आमचंच दार ठोठावायचा आणि विचारायचा, "बाई, दोर न लावता, नुसतं चालत वर कुठून जायचं? आणि उतरायचं कुठून?"

मला अक्षर येत नाही. मी टेबलावर ओटचं पीठ पसरायची आणि बोटानं रेघ ओढायची. "ही उजवीकडची सोंड. गाभण गाय चढेल इतकी सोपी. उतरताना तीच धरा, नाहीतर माथ्यावरून डावीकडच्या खिंडीत उतरा आणि ओढ्याकाठानं या. धुकं आलं तर दगडांचे छोटे ढीग रचलेत, एकावरून दुसऱ्यावर चालत राहा, आणि जाता जाता प्रत्येकावर एक दगड ठेवा. ही समोरची घळ मात्र वाट नव्हे. वरून हिरवीगार दिसते, पण खाली कडा आहे."

आमच्या दारात एक रीत होती. शहरातले बूट तिथे काढायचे, डोंगराचे घालायचे, आणि ज्या वाटेनं उतरणार तिकडे काढलेल्या बुटांची टोकं करून ठेवायची. उजवीकडे टोकं म्हणजे सोंड. डावीकडे म्हणजे खिंड. माणूस परतला नाही, तर कुठे शोधायचं ते फार्करला बूट सांगायचे.

एका साली थंडी लागता लागता डंडीहून पेट्री नावाचे मास्तर आले. अंगाला खडूचा वास, पायात तपकिरी बूट.

"मास्तर, आज धुकं उतरेल. उद्या जा."

"उद्या शाळा आहे, आजी."

"आजी कोणाला म्हणता? चाळिशी नाही उलटली माझी!"

"मग तुम्ही दिलेली भाकरी का अशी म्हातारी? दात हलले माझे."

"खिशात टाका. ढिगावर ठेवायला दगड शोधायला नको."

ते हसले. बुटांची टोकं डावीकडे, खिंडीकडे केली, आणि गेले.

परत आले नाहीत.

आम्ही खिंडीत शोधलं. दोन दिवस. बूट खिंडच सांगत होते ना! तिसऱ्या दिवशी मास्तर घळीच्या तळाशी सापडले, गेलेले. डोंगराचे बूट पडताना निसटले होते, पायात नुसते मोजे.

त्या संध्याकाळी फार्कर चुलीपुढे बसला तो उठेचना. मग म्हणाला, "ओरिक... घळीच्या तोंडाशी ढीग होता. माझा."

आमच्यात हरणी मारली की ती पडली तिथे दगडांचा ढीग करून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तट्टू घेऊन जाणाऱ्याला खूण सापडावी म्हणून. हरणी खाली आणली की ढीग मोडायचा. फार्कर मोडायला विसरला होता. धुक्यात मास्तरांना तो वाटेचा ढीग वाटला.

"कोणाला सांगू नकोस," तो म्हणाला. मी नाही सांगितलं.

फार्करनं वर जाऊन एक-एक दगड घळीत भिरकावला. पुढच्या धुक्यात ढीग होता तिथेच. पुन्हा मोडला. पुन्हा होता. आणि मास्तरांचे बूट कोणी न्यायला आलं नव्हतं, ते मी लाकडांच्या खोपटात ठेवले होते. धुकं उतरलं की ते दारात यायचे. टोकं समोर, घळीकडे.

दुसऱ्या वर्षी आमची एक मेंढी सोंडेवर भरकटली. फार्कर दोन दिवसांसाठी पलीकडच्या खोऱ्यात गेलेला. माझं कंबरेचं हाड मोडलेलं, काठीशिवाय चूल गाठवत नव्हती.

"मी जाते," इशबेल म्हणाली. सतरा वर्षांची. "खिंडीनं उतरेन. तू नुसती चहा ठेव, आणि रडू नकोस."

"रडतेय कोण! मेंढी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, एवढंच म्हणते."

तिनं घरातले बूट दारात काढले, टोकं डावीकडे केली. भर दुपारी धुकं आलं. आधी माथा गेला, मग सोंड, मग कुंपण. ओढ्याचा आवाजसुद्धा दबला. आणि दारातून खडूचा वास आला...

मी काठी टेकत गेले. इशबेलच्या बुटांशेजारी ते तपकिरी बूट होते. चारही टोकं घळीकडे.

लेकीचे बूट मी डावीकडे वळवले. पाणी उकळून जातंय म्हणून मान वळवली, परत पाहिलं तर घळीकडे. ओरडून काय होणार? धुकं आवाज खातं. चढायला तीन तास, आणि मला अंगण ओलांडता येत नव्हतं. मी उंबऱ्यात बसले, तिचे बूट दोन्ही हातांनी धरले आणि टोकं खिंडीकडे दाबून ठेवली. ते ओढ घेत होते. आईकडे ओढ घेणाऱ्या वासरासारखे. किती वेळ बसले कोण जाणे. बोटं बधिर झाली, बूट निसटायला लागले.

तेव्हा मी बोलले. "मास्तर... तो ढीग वाटेचा नव्हता. हरणीचा होता. आमच्या माणसानं रचला आणि मोडायला विसरला. तुमची चूक नव्हती. आम्ही तोंड मिटून बसलो."

ओढ थांबली.

इशबेल ओढ्याकाठानं आली तेव्हा चहा कडू झाला होता.

"आई, वर एक माणूस होता. ढिगापुढे दोन्ही हात पसरून उभा. मला पुढे जाऊच देईना. नुसती खिंड दाखवली." ती चुलीला चिकटून बसली. "एवढ्या गारठ्यात, आई... पायात नुसते मोजे होते त्याच्या."

फार्कर परतल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभा राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. मास्तरांच्या बहिणीला बूट पाठवले. ढीग पुन्हा दिसला नाही.

पुढे देवानं भरभरून दिलं. इशबेलचं लग्न झालं, चार नातवंडं झाली, घरात बसायला जागा उरली नाही. चाळीस वर्षांत त्या डोंगरावर एकही माणूस हरवला नाही. फार्कर या वसंतात गेला, झोपेतच.

परवा धुक्यात तीन पोरी खाली उतरल्या. चहा पिता पिता एक म्हणाली, "आजी, वर तुमची दोन माणसं फार भली हो. मोज्यांतल्यानं खिंड दाखवली."

"आणि दुसरा?"

"म्हातारा. त्यानं पाहिलंच नाही आमच्याकडे. एक ढीग मोडत होता. दगड फेकायचा, वळायचा, तर तिथे दगड असायचाच."

फार्करचे बूट चुलीशी आहेत, मी ते कोणाला दिले नाहीत. आज सकाळी तळवे ओले होते. टोकं घळीकडे. मी वळवून पाहिली, धरून बसले, बोललेसुद्धा. सोडली की पुन्हा घळीकडेच. आमच्याकडे आता कबूल करायला काही उरलेलं नाही.