पोलादराव जोर का मारतो?

भिगवणच्या मच्छीच्या हॉटेलापुढं मेघनाची स्कूटी अडकली होती. पुढं तीन बुलेट आडव्या, मागं उसाचा ट्रॅक्टर, आणि गाड्यांचे मालक आत निवांत चिलापीचे काटे काढत बसलेले. तिनं दोनदा हॉर्न मारला. तिसऱ्यांदा मारला. मग तिच्या तोंडून जो शब्द निघाला, तो मुलांच्या मासिकात चित्रं काढणाऱ्या बाईला शोभणारा नव्हता.

"थांबा मॅडम."

मागून कुणीतरी आलं. एक हात हँडलखाली, एक सीटखाली... आणि मेघना स्कूटीसकट हवेत!

"अहो, उतरू तर द्या!"

"बसा की. तुमचं असं काय वजन हाय?"

बुलेटच्या डोक्यावरून स्कूटी पलीकडं गेली आणि रस्त्याला अशी टेकली, जशी आई झोपलेलं पोर खाली ठेवते. उजनीच्या पाण्यावरून वारा येत होता. त्या वाऱ्यात त्याच्या शर्टाची बाही फडफडत होती, पण गड्याला दम म्हणून लागला नव्हता. अंगानं तसा सडपातळच. रस्त्यात दिसला असता तर कुणी वळून बघितलं नसतं.

दुसरी कुणी असती तर थँक्यू म्हणाली असती. मेघनानं विचारलं, "व्यायाम करता?"

"न्हाय."

"कधीच?"

"एकदा गेलो हुतो तालमीत. वस्ताद म्हणला, जोर मार. म्हणलं, कशाला? हाकलूनच दिलं त्यानी." तो हसला. उजव्या गालावर खळी पडली. मेघनानं ती नीट बघून घेतली... अभ्यास म्हणून!

कारण तिला खरोखरच अभ्यास होता. मेघना इंदापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि एका मासिकात 'पोलादराव' ही चित्रकथा काढायची. पोलादराव जन्मतःच अचाट ताकदीचा. उसानं भरलेली ट्रॉली दोन बोटांनी उचलणारा. सगळं छान चाललं होतं, तोवर सातवी 'ब'च्या राजेश्वरीचं पत्र आलं: "ताई, ज्याला ट्रॉली जड लागत नाही, तो रोज सकाळी शंभर जोर का मारतो? त्याला काय फरक पडणार?" संपादक हसले, आणि म्हणाले, पुढच्या दोन-तीन अंकांत उत्तर द्या, नाहीतर त्याचे जोर बंद करा.

पंधरा दिवस ती त्या प्रश्नानं हैराण होती. आणि आता उत्तर असं शर्टाच्या बाह्या फडफडवत समोर उभं होतं.

त्याचं नाव इंद्रजित. गाव डाळज, घरचा ऊस. दर रविवारी दुपारी दोघं त्या हॉटेलात भेटू लागली. तो उचलायचा, ती वहीत लिहायची. खताचं पोतं: हसत. दोन पोती: हसत, शीळ घालत. ट्रॅक्टरचं मागचं चाक: "ह्यात काय हाय?"

"बघा," मेघना पेन्सिल नाचवत म्हणाली, "जड लागलं तरच अंग कमावतं. ज्याला काहीच जड लागत नाही, त्यानं जोर मारले काय आणि पेपर वाचला काय, सारखंच!"

"मग लिवा की तसं. पोलादरावाला व्यायाम लागत न्हाय."

"लिहिते..." पण तिनं लिहिलं नाही. "तुम्हाला खरंच काही जड लागत नाही? आठवून सांगा."

त्यानं पाण्याकडं बघितलं. लांब फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ होती. मग तिच्याकडं बघितलं. आणि पुन्हा घाईनं पाण्याकडं.

"रविवारी तुमी स्कूटीवर बसून निघता ना... तवा जरा लागतं."

मेघनाची पेन्सिल खाली पडली. ती मात्र त्याला पटकन उचलता आली नाही.

पुढच्या रविवारी घोटाळा झाला. हॉटेलात त्याचे चुलते आले, जोतीराम तात्या. टोपी, पांढरा सदरा, बोलणं एकदम मऊ.

"बसा बसा. ह्या कोण म्हणायच्या? कुणाच्या तुमी?"

"इंदापूरच्या बुद्धघोष सरांची मुलगी."

"अस्सं... अस्सं." तात्यांच्या हातातला चहाचा कप होता तिथंच थांबला. आपल्याकडं जात विचारत नाहीत म्हणतात. कशाला विचारतील? बापाचं नाव विचारतात, नावातच सगळं कळतं, आणि मग माणूस समोर असून नसल्यासारखा होतो. तात्यांनी मेघनावरून नजर काढली ती थेट पुतण्यावर टाकली. "तुझी काय वळख रं?"

मेघना बघत होती. ट्रॅक्टरचं चाक उचलणारा इंद्रजित. बुलेटवरून स्कूटी नेणारा इंद्रजित. त्याच्या कपाळावर घाम आला.

"ते... चित्राचं काम हुतं त्यांचं. असंच, कामापुरती."

मेघनानं वही मिटली.

"सापडलं," ती उठत म्हणाली. "तुम्हाला जड काय लागतं ते सापडलं. आभारी आहे."

स्कूटी त्या दिवशी मोकळीच उभी होती. उचलायला कुणी लागलं नाही.

तीन आठवडे गेले. त्याचा फोन नाही, तिनंही केला नाही. का करावा? ज्याला दोन पोती हलकी आणि एक नाव जड, अशा ताकदीला काय जाळायचंय? पोलादराव कोरा राहिला. संपादकांचा निरोप आला: सोमवारी पानं पाहिजेत, नाहीतर गोष्ट बंद.

रविवारी दुपारी इंदापुरात तिच्या दारात इंद्रजित उभा. डोळे ओढलेले, गाल बसलेले. हातात दोनशे पानी वही.

"आजारी होतात?"

"न्हाय. व्यायाम केला."

"कसला?"

त्यानं वही उघडली. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण तारखा सगळ्या होत्या. "तुमीच म्हणला हुता, जड लागलं तरच अंग कमावतं. मग एकच वाक्य घेतलं. पैल्या दिवशी म्हशीला सांगितलं."

"म्हशीला?"

"एकदम वजन न्हाय वाढवायचं! दुसऱ्या दिवशी सौरभला, दोस्त हाय माजा. मग वहिनीला. मग आईला... आई दोन दिवस बोलली न्हाय. तिसऱ्या दिवशी म्हणली, पोरगी जेवती का नीट? काल तात्याला सांगितलं. पारावर. चारचौघांत."

"आणि?"

"तात्या लय बोलले. अजून बोलत्यात." त्यानं श्वास घेतला. "दम लागला. आयुष्यात पैल्यांदा."

मेघनाला हसू येत होतं आणि राग अजून उतरला नव्हता. "उपकार केल्यासारखं वाटत असेल तर आल्या वाटेनं जा."

"उपकार कसला? कामापुरती म्हणलो हुतो मी. ती चूक फेडाय आलोय."

"वाक्य काय होतं?"

त्यानं दारातल्या कुंडीकडं बघितलं, चपलेकडं बघितलं. मग सरळ तिच्याकडं.

"मला मेघना आवडती. बुद्धघोष सरांची मेघना. लगीन करीन तर तिच्याशीच... तिनं व्हय म्हणलं तर."

गल्लीतनं भाजीवाला ओरडत गेला. मेघनाला काही ऐकू आलं नाही.

"पुन्हा म्हण," ती हळूच म्हणाली. 'म्हणा'तला काना कधी गळाला, तिलाही कळलं नाही.

त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी दम कमी लागला.

"व्हय," मेघना त्याच्याच बोलीत म्हणाली. "पण शेवटचं वजन राहिलंय. आत खुर्चीत बसलंय."

"सर?" इंद्रजितचा चेहरा उतरला. "काय विचारतील? ऊस किती, जमीन किती?"

"छे! ते विचारतील, अलीकडं काय वाचलंस?"

"...मेलो."

पुढच्या अंकात पोलादरावाचं नवं पान आलं. त्यात जोर नव्हते. पोलादराव एका घरात खुर्चीच्या अगदी टोकावर बसलाय. दोन बोटांनी ट्रॉली उचलणाऱ्या त्या हातात चहाची कपबशी आहे, आणि ती खडखड वाजतेय.

खाली एक ओळ: "राजेश्वरी, व्यायाम लागतो गं. हा त्याचा पहिलाच दिवस आहे."