त्र्याहत्तरावं घर

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. रचून सांगायची कला माझ्या अंगात नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

घडलं ते माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत. गुरुवारी, दुपारी सव्वातीन वाजता. बाहेर लख्ख ऊन होतं.

एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या तळघरात जुन्या कॉम्प्युटरांचं छोटं संग्रहालय उघडणार होतं. शुक्रवारच्या उद्घाटनाला दादांचं भाषण होतं. दादांनी तरुणपणी पुलांची गणितं करणारे प्रोग्रॅम लिहिले, फोरट्रान नावाच्या भाषेत. आदल्या दिवशी जागा बघावी म्हणून ते गेले होते.

संग्रहालयाच्या मॅडमनी कोपऱ्यातलं मशीन दाखवलं. टाइपरायटरसारखं, पण टेबलाएवढं. कार्डावर भोकं पाडणारं.

"तुमच्या काळी चूक झाली तर डिलीटचं बटण कुठं असायचं हो?" मॅडमनी विचारलं.

"कचऱ्याच्या टोपलीत," दादा म्हणाले.

मॅडम हसल्या. "हे नुसतं शोभेचं आहे हं. आतली मोटार कधीच काढलीय."

मग त्यांचा फोन वाजला आणि त्या वर गेल्या.

दादांनी कोऱ्या कार्डांचं सीलबंद खोकं फोडलं. एक कार्ड मशीनमध्ये सरकवलं. सहज, जुन्या सवयीनं. आणि पाठ फिरवून भिंतीवरचे फोटो बघू लागले.

मागून आवाज आला...

खट.

दादा वळले. वायर गुंडाळून मशीनवर ठेवलेली त्यांना दिसत होती.

खट... खट... खट... खट...

मग एक ठोका चुकल्यासारखी शांतता.

खट... खट.

बस्स.

दादांनी कार्ड बाहेर ओढलं. जवळजवळ सगळं कोरं होतं. भोकं फक्त उजव्या टोकाला होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी.

त्या कार्डावर एका ओळीची ऐंशी घरं असत. एका घरात एक अक्षर. पण कार्ड वाचणारं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, बघायचं फक्त पहिली बहात्तर. त्र्याहत्तराव्या घरापासून पुढं काहीही लिहा, त्याच्या लेखी ते नसेच.

प्रोग्रॅम कागदावर लिहायचे दादा. त्यावरून कार्डं पंच करायच्या एक बाई. त्यांचा हात इतका चाले की सगळं ऑफिस त्यांना खटाखटताई म्हणे. शेवटची आठ घरं त्यांनी आपल्या गमतीला राखली होती. रोमन अक्षरांत मराठी, मोजून आठ घरांत बसवलेलं. 'चहा का.' 'झोप आली.' दादा भोकांवरून वाचायचे आणि गालात हसायचे. तिसऱ्या कुणाला पत्ता नसे.

त्या दुपारी दादांनी भोकांवरून बोट फिरवलं. पन्नास वर्षांनीही वाचता आलं.

'सांगा ना.'

कार्ड त्यांनी खिशात घातलं.

हे शब्द त्यांनी ताईंच्या तोंडून एकदाच ऐकले होते. चौकशीच्या खोलीत.

एका पुलाच्या गणितात भाराचा आकडा होता, बाराशे पन्नास. दादांनी घाईत ओळ लांबवली. शेवटचं शून्य बहात्तराच्या रेघेबाहेर, त्र्याहत्तराव्या घरात गेलं. ताईंच्या ते लक्षात आलं होतं.

"साहेब, शून्य बाहेर गेलंय. मशीन वाचणार नाही."

"जसं लिहिलंय तसं पंच करा, ताई. डोकं चालवायला मी बसलोय."

मशीननं वाचलं एकशे पंचवीस. सळ्या बारीक धरल्या गेल्या. बांधकाम चालू असतानाच पुलाचा एक गाळा खाली आला. दोन गवंडी जन्माचे अधू झाले.

चौकशीत ताई दादांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला ठाऊक आहे. सांगा ना."

दादा म्हणाले, "माझ्या कागदावर बरोबर होतं. ताईंनी एक घर सरकवून पंच केलं."

तो कागद त्यांनी सकाळीच फाडला होता.

खापर ताईंवर फुटलं. नोकरी गेली. दुसऱ्या कुठल्या ऑफिसनं दारात उभं केलं नाही. दोन वर्षं घरी बसून शर्टांना काजं केली आणि साध्या तापात गेल्या. दादांची नोकरी टिकली. त्या नोकरीवर माझं शिक्षण झालं.

पुढं दादांनी याचा चक्क विनोद केला. 'आमच्या एका ताईंनी शून्य एक घर सरकवलं आणि पूल आडवा केला!' लग्नकार्यात, निरोपसमारंभात. मी तो शंभरदा ऐकलाय. शंभरदा हसलोय.

त्या गुरुवारी घरी येऊन दादा मला एवढंच म्हणाले, "उद्या तो विनोद सांगायचा नाही. उद्या खरं सांगायचं."

शुक्रवारी मी तिसऱ्या रांगेत होतो. दादा उभे राहिले. हातात ते कार्ड. पुलाची गोष्ट सुरू झाली.

"ती चूक ताईंची..."

थांबले.

"कार्ड त्यांनी बिघडवलं..."

थांबले.

"चौकशीत खोटं त्या बोलल्या..."

नेहमीचाच किस्सा समजून सभागृह खो खो हसलं. मीही हसलो.

दादा रडत खाली बसले.

परतताना गाडीत त्यांनी डोळे पुसले. "सांगितलं एकदाचं. पण लोक हसले का रे?"

"काय सांगितलंत? चूक ताईंची, हेच ना? दरवेळचंच."

दादा माझ्याकडे वळले. मग परत बोलले. त्यांचे ओठ हलत होते. मला मात्र तेवढंच ऐकू आलं...

"ती चूक ताईंची..."

शेवटी माझ्या वहीत त्यांनी लिहून दिलं. एका ओळीत एक शब्द. तेव्हा कळलं, ते काय बोलले होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'नव्हती', एक 'नव्हतं', एक 'नव्हत्या' होतं.

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. तेवढाच गळला होता.

मॅडमनी भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी एकदाच ऐकलं. दादा जिथं थांबले असं वाटलं होतं, तिथं तीनही वेळा बारीक आवाज आहे...

खट.

आता दादा फार बोलत नाहीत. परवा 'औषध घेतलं नाही' म्हणाले. वहिनींना ऐकू आलं 'औषध घेतलं'. त्यांनी डबी कपाटात ठेवून दिली.

ताईंच्या माघारी कुणी नाही. माफी मागायची तर कुणाकडे? म्हणून दादांनी मला गळ घातली, तू लिही. चारचौघांत जाऊ दे. मी मूग गिळून बसलो तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

म्हणून लिहिलं. ओळी मुद्दाम लहान ठेवल्यात. शेवटचा शब्द तुमच्यापर्यंत पोचेल, याचा मला भरवसा नाही. काल वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, "अहो, वाक्य अर्धवट का सोडलंत?"

ती चूक

ताईंची

नव्हती.

तीन ओळी आहेत. तिसरी दिसतेय का तुम्हाला?

सांगा ना.