अडथळ्याचा रकाना

प्रेमाला सीमा नसते, असं थोर माणसं फार पूर्वीपासून सांगत आली आहेत. त्यांच्यातलं कुणी शेवंडं पकडत नसावं. शेवंडांना सीमा असते. ती आमचं जर्सी बेट आणि फ्रान्स यांच्यामधल्या पाण्यातून जाते, आणि २०२१ सालापासून ती ओलांडायला चार पानी अर्ज लागतो.

झालं असं, की इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडलं. आमचं बेट त्या संघात कधी धड नव्हतंच. पण शेजारच्या घरात काडीमोड झाला, की मधली भिंत आपलीही हलते. समोरच्या किनाऱ्यावरचे फ्रेंच कोळी ज्या पाण्यात आजोबांच्या काळापासून शेवंडांसाठी पिंजरे सोडत होते, तिथे आता त्यांना परवाना हवा झाला. आणि परवान्यासाठी पुरावा हवा झाला : मागच्या काही वर्षांत, एकाच वर्षात, निदान अकरा दिवस तुम्ही इथे मासेमारी केली होती. मोठ्या जहाजांवर यंत्रं असतात, ती सगळं सांगतात. लहान होडीवर एक माणूस असतो, आणि तो सांगतो त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

ऑलिव्ह ले ब्रोकचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता. ती पक्षी मोजायची.

दर उन्हाळ्यात ती याच मधल्या पाण्यातल्या एक्रेहोच्या खडकांवर राहायला जायची. भरती आली की तिथे बुडायचं बाकी राहतं ते मूठभर खडक आणि चार झोपड्या. सुरय पक्ष्यांची घरटी मोजायची, अंडी मोजायची, वहीत लिहायचं. ऑगस्ट संपला की सुरय आफ्रिकेला जायचे आणि ऑलिव्ह बेटावरच्या गोरी नावाच्या बंदरावर परत यायची, गळाला लावायचं आमिष विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत. तिथे मोजायला काही नसायचं. संध्याकाळी ती एकच कप विसळायची, आणि तोही कधीकधी नुसताच पालथा घालायची.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. बारीक, तिरका पाऊस. धक्क्यावरच्या आडोशाला बसून ऑलिव्ह बटाट्याच्या गरम फोडी खात होती. फ्रान्सची फेरी लागली, आणि उतरलेल्या माणसांतली एक पाठ तिला ओळखीची वाटली.

चेहरा नाही... पाठ. किंचित डावीकडे झुकलेली, दोर ओढून ओढून झालेली.

पाठ वळली. तिला एक चेहरा होता. चाळिशीकडे आलेला, पावसाने भिजलेला.

"माफ करा," तो म्हणाला, "इथे पक्षी मोजणाऱ्या एक बाई राहतात म्हणे."

"कशाला हव्यात?"

"भेटायचंय. चेहरा माहीत नाही मला त्यांचा. दोन वर्षं त्यांच्या चेहऱ्यावर कायम दुर्बीण होती."

"ती पक्ष्यांवर रोखलेली होती," ऑलिव्ह पटकन म्हणाली.

"अच्छा..." तो हसला. "पक्षी माझ्या होडीत बसायचे होय?"

ऑलिव्हने एक फोड तोंडात टाकली. फोड फार गरम होती. त्यामुळे तिचा चेहरा लाल झाला, असं आपण धरून चालू.

त्याचं नाव लुडोविक लेकानू. समोरच्या फ्रेंच किनाऱ्यावरच्या कार्टरे बंदरातला. निळी होडी, एकट्याची. "माझे निम्मे पिंजरे तुमच्या बाजूला असतात," तो म्हणाला. "परवाना नाही मिळाला तर होडी विकायची आणि दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जायचं. मी तिथे यायचो, हे कुणी पाहिलंय का, असं परवानावाल्यांनी विचारलं. मी म्हटलं, एका बाईंनी पाहिलंय. आणि हे बघा, यासाठी पासपोर्ट काढला. आमचे आजोबा इकडे यायचे ते बायकोला न सांगता."

"माझ्या वहीत होड्यांची नोंद असते," ऑलिव्ह सावकाश म्हणाली. "पक्ष्यांना कशाचा त्रास होतो ते लिहायचं असतं. होडी, कुत्रा, माणूस. अडथळ्याचा रकाना असतो तसा."

"म्हणजे मी अडथळा?"

"रकान्याचं नाव आहे ते. मी नाही ठेवलेलं."

वर खोलीत जाऊन तिने २०१९ ची, निळ्या होडीच्या सगळ्यात जास्त नोंदींची वही काढली, पण त्याच्या हातात दिली नाही. बोटाने ओळ झाकून ती वाचत गेली. "चार जून, निळी होडी, पिंजरे. पक्ष्यांना त्रास नाही. नऊ जून, निळी होडी, पिंजरे. होडीवाला गातो. पक्ष्यांना त्रास थोडा."

"थोडाच ना?"

"कंसात 'सूर वाईट' असंही आहे."

पिंजऱ्यांचे दिवस दहा भरले. मग तेवीस जुलै : निळी होडी, दोन तास. बस, एवढंच. ऑलिव्हला तो दिवस चांगला आठवत होता. त्या दिवशी त्याने एकही पिंजरा सोडला नव्हता. खडकाभोवती नुसता घिरट्या घालत होता.

"अकरा," ती म्हणाली, आणि वही मिटली.

परवाना कार्यालयात पिनेलसाहेब होते. सज्जन माणूस. त्यांनी चष्मा पुसला, वही मागून घेतली आणि, ऑलिव्हने हात पुढे करायच्या आत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चार जून झाला, नऊ जून झाला. मग ते थांबले.

"एकवीस जून. 'निळी होडी आली नाही.'" त्यांनी पान उलटलं. "अठ्ठावीस जून. 'आली नाही.' दोन जुलै. 'धुकं. आली असेल तरी दिसली नाही.' मिस ले ब्रोक, न येणं हा अडथळा कसा?"

लुडोविक खिडकीकडे बघत होता. म्हणजे तोंड खिडकीकडे होतं. कान ऑलिव्हकडे होते, आणि ते हळूहळू लाल होत होते.

"रकाना रिकामा सोडायचा नसतो," ऑलिव्ह म्हणाली.

"असं." पिनेलसाहेबांनी बराच वेळ तो रकाना पाहिला. "ठीक आहे. दहा दिवस स्पष्ट आहेत. तेवीस जुलैला पिंजऱ्यांचा उल्लेख नाही. मासेमारी चालू होती?"

"हो," ऑलिव्ह म्हणाली.

"नाही," लुडोविक म्हणाला.

ऑलिव्हने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एखादा सुरय असता तर आफ्रिकेला लवकर निघाला असता.

"लेकानू," पिनेलसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "नीट आठवा. एखादा पिंजरा? एखादा गळ तरी? सवयीने?"

"नाही साहेब. हात मोकळे नव्हते."

"काय होतं हातात?"

लुडोविकने टोपी काढली. "रोज सकाळी त्या झोपडीतून धूर यायचा, आमच्या बाजूच्या पाण्यातूनही दिसायचा. सात वाजता. चहाचा असावा. एकवीस जुलैला आला नाही. बावीसलाही नाही. मला वाटलं... खडकावर एकटं माणूस, पडलं-झडलं तर कळणार कुणाला? तेवीसला मी तापाच्या गोळ्या घेतल्या, डब्यात सूप घेतलं आणि आलो. दोन तास भोवती फिरलो. हाक काय मारायची तेच ठरेना. नाव माहीत नव्हतं. मग या बाहेर आल्या, चादर झटकली, पुन्हा आत गेल्या. चालत होत्या नीट. मी परत गेलो."

"आणि सूप?"

"मीच प्यालो. वाटेत."

ऑलिव्ह खाली बघत होती. ते दोन दिवस तिला ताप होता. आढ्याकडे बघत पडून असताना तिने एक हिशोब केला होता : आपण इथे संपलो, तर बेटावर हे कधी कळेल? सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, असं उत्तर आलं होतं. वहीची नक्कल जमा करायची तारीख तीच होती. तो हिशोब तिने कुणाला सांगितला नव्हता. आणि तो चुकला होता, हे तिला आज, दोन वर्षांनी, एका सरकारी खुर्चीवर बसून कळत होतं.

पिनेलसाहेबांनी चष्मा पुन्हा पुसला. "मासे न पकडण्यासाठी परवाना देता आला असता तर मी आत्ता सही केली असती," ते म्हणाले. "दहा दिवस होतात. मला अकरा लागतात."

धक्क्यावर पाऊस तसाच होता. फेरी सुटायला वीस मिनिटं होती.

"एक 'हो' म्हणायला काय झालं होतं?" ऑलिव्ह भडकली होती. "मी म्हटलं ना? मी खोटं बोलले तुमच्यासाठी! आयुष्यात पहिल्यांदा! आता होडी जाणार तुमची!"

"जाणार."

"मग?"

"हो म्हटलं असतं, तर तो दिवस शेवंडांचा झाला असता," लुडोविक म्हणाला. "दहा दिवस त्यांचे होते. तो एकच माझा होता."

ऑलिव्हने समुद्राकडे पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात खडकासमोर निळी होडी नसेल. रकान्यात रोज तेच लिहावं लागेल... आली नाही, आली नाही, आली नाही.

"मी शनिवारी येऊ?" त्याने विचारलं. "फेरीने. नुसता माणूस म्हणून. त्याला परवाना लागत नाही, मी विचारून घेतलंय."

"पिनेलसाहेबांना विचारलंत?"

"हो. तुम्ही वही पिशवीत घालत होतात तेव्हा. ते म्हणाले, दिवसांची मर्यादा नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी, थोडी अडखळत. मग तिने त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरली. फार नाही, सुटेल इतपतच.

"तेवीस जुलैला," ती म्हणाली, "चादर झटकून मी आत गेले ना, ती दाराआडून बघत होते. तू जाईपर्यंत. नंतर रडले थोडी. ते वहीत नाही लिहिलं."

"लिहायला हवं होतंस."

"रकाना भरला होता."

फेरीचा भोंगा झाला. लुडोविक फळीवरून चढला, वळला, आणि ती पाठ नाहीशी होऊन तिथे पुन्हा चेहरा आला. मध्ये हातभर पाणी, मग दोन हात.

"शनिवारी!" तो ओरडला. "काही आणू? काहीही सांग!"

ऑलिव्हने आजूबाजूला पाहिलं. धक्क्यावर कुणी नव्हतं. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. ज्याच्या गाईंचं आणि लोण्याचं नाव जगभर घेतात त्या बेटाची ही लेक, तिने आवाज शक्य तेवढा खाली ठेवून ओरडून सांगितलं,

"थोडं तुमच्याकडचं लोणी आण. खारं. आणि कागदात नीट गुंडाळ, इथे कुणाला दिसता कामा नये."